लगतदाराचा अंगठा

आमच्या गावात बांध खाणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही. दुसऱ्याच्या वावरातलं एक कणीस मोडलं तर चोर. खळ्यावरची पाटी उचलली तर चोर. नांगरानं कोरत शेजाऱ्याचा बांध खाल्ला तर मात्र तो 'जमीनवाला हुशार माणूस'. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, सगळ्यांनाच असतं. पण त्याची शिसारी यायला मला एकोणीस वर्षं लागली, आणि तीही एका छापील अर्जामुळे.

साल चौतीस. मॅट्रिक होऊन मला दोन वर्षं झाली होती आणि मी धरणगावच्या एका जिनात कपाशीच्या गाड्या उतरवून घेण्याच्या कामावर होतो. शिकलेला म्हणून हातात वही, एवढाच फरक. बाकी हमालासारखंच. रुईचा कीस नाकात, घशात, भाकरीत. सकाळी खाकरलं की थुंकीतून कापूस पडे. मुकादम मला 'ओ मॅट्रिक' म्हणून हाक मारी आणि बाकीचे दात काढीत. जन्म असाच जाणार म्हणून मी रडकुंडीला आलेला, तेवढ्यात आमचे शाळेतले बोरसे मास्तर एक दिवस जिनाच्या दारात येऊन उभे राहिले. हातात लांब लखोटा.

"तोताराम, हा अर्ज तुझ्यासाठी मागवलाय," ते म्हणाले. "पुण्याला शेतकीची पदवी. पण नुसतं नांगर-वखर नाही. जमीन कशी वाटली जाते, तिचे तुकडे का पडतात, कायदा काय म्हणतो, बाजार काय म्हणतो, माती काय म्हणते, सगळं एका पदवीत. जमिनीचं अर्थशास्त्र म्हणतात. खानदेशातून दोन जागा आहेत, फी माफ. निघ या धुळीतून."

मी तिथंच, कापसाच्या बोदाला टेकून, अर्ज वाचला. नाव, वय, परीक्षा, ते ठीक. पालकाची संमती. आणि सोबत एक नकाशा: उमेदवाराने आपल्या कुटुंबाचं एक वावर स्वतः साखळीने मोजून काढलेला, चारी बाजूंच्या लगतदारांच्या सह्या किंवा अंगठे घेतलेला, तलाठ्याने साक्षांकित केलेला. खाली एक रकाना, 'जमिनीची आजची स्थिती कशी झाली'.

"सरकारी नकाशावरून उतरवून काढू नकोस," मास्तर म्हणाले. "तिथले साहेब लगेच ओळखतात. चुकीचा नकाशा म्हणजे अर्ज टोपलीत."

"चुकणार नाही, सर," मी म्हणालो. त्या दिवशी मला खरंच तसं वाटत होतं.

मास्तरांनी शाळेतली मोजणीची साखळी दिली. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची, दर आण्याला पितळी बिल्ला. ती खांद्यावर टाकून मी तीन कोस चालत घरी आलो. अखजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, आदला दिवस होता. ऊन असं की कुत्रीसुद्धा गटारात पोट टेकून पडलेली.

अखजीला आमच्याकडे पितरांच्या नावानं घागर भरतात. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भाईदास त्यांचं नाव, सकाळी नवी घागर मांडली. वर खरबूज, सांजोरी, आंब्याचा रस. बापाचं नाव घेतलं, आजाचं घेतलं आणि शेवटी काकाचं. काका आबांहून धाकटा. मानमोडीच्या साथीत, मी तीन वर्षांचा असताना, तीन दिवसांत गेला. त्याचं नाव घेताना आबांचे डोळे दरवर्षी भरून येत. त्या वर्षीही आले. डोळे पुसून ते म्हणाले, "मना भाऊ लाखमा एक व्हता रे!" माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मेलो मी, अजून ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेजारच्या दारात काकू, सुंदरबाई, तिची स्वतःची लहान घागर भरत होती. पदर नाकापर्यंत. आबा तिचे जेठ, थोरले दीर. सोळा वर्षांत तिनं त्यांच्यासमोर तोंड उघडलेलं नव्हतं, ते तिच्याशी सरळ बोललेले नव्हते. काही सांगायचं झालं तर 'सांग तिले' म्हणून मधल्या माणसाला. तिची एकच मुलगी, सुगंधा, सुरतेकडे दिलेली. आबांनी जाऊन तिला अखजीला माहेरी आणली होती. दरवर्षी तेच आणत. परसातल्या झोक्यावर बसून ती गाणी म्हणत होती. मला या काकूनं वाढवलेलं. साथीत माझी माय चाळीस दिवस अंथरुणावर होती, तेव्हा स्वतःच्या नवऱ्याची राख थंड व्हायच्या आत काकूनं मला तिच्या चुलीपुढं बसवून भरवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमचा नवा सालदार उखर्डू नांगर घेऊन वावरात गेला. सालदाराचं साल आमच्याकडे अखजीला सुरू होतं. मीही साखळी घेऊन मागोमाग गेलो. आजाचं आठ एकराचं वावर, दोघा भावांत मधोमध वाटलेलं. लांबी वीस साखळ्या, रुंदी सोळा. आठ साखळ्या आमच्या, आठ काकूच्या. कागदावर तरी तसंच होतं.

वावरातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. काळी माती भेगाळून तळपायाला चिमटे घेत होती. उखर्डू नांगर धरून बांधापाशी उभा होता. मी म्हणालो, "उखर्डू, नांगर सोड जरा, साखयीनं टोक धर."

"थांब भो, हाई एक तास मारी लेऊ दे," तो म्हणाला आणि नांगराची ती एक ओळ मारायला त्यानं बैलांना बांधाच्या अंगावरच घातलं. फाळ बांधाच्या कडेत रुतला. गवताच्या मुळांचा करकर आवाज झाला. बांधाची आमच्याकडची कड कापली गेली, माती फिरून बांधाच्या पलीकडं, काकूच्या बाजूला पडली. तो पार टोकापर्यंत गेला. हात-सव्वा हात रुंदीचं ओलसर काळं वावर नवं उघडं पडलं. त्यात पांढऱ्या हुमण्या वळवळत होत्या. बगळे धावून आले.

"हाई काय रे?" मी विचारलं.

"हाई? अखजीना दुसरा दिन नवा सालदारनं पयलं काम हाईच शे. बांधना कडेकडे एक तास. आबानी सांगेल शे." त्यानं बैलाच्या शेपटाखालचा एक टरटरीत गोचीड ओढून काढला आणि अंगठ्यानं दगडावर चिरडला. "मना पयले भटू व्हता, त्यानी बी हाईच करं. त्याना पयलेवालानी बी. तुले ठाऊक नही? मॅट्रिक ना तू?"

आम्ही मोजलं. मी साखळी ताणली, तो टोक धरून चालला. पूर्व कडेपासून बांधापर्यंत, एक साखळी, दोन, तीन... आठ. बांध यायला हवा होता. बांध नव्हता. पुढं चाललो. नववी साखळी शेवटच्या बिल्ल्यापर्यंत ताणली तेव्हा बांधाला पाय लागला. मी परत मोजलं. मधोमध मोजलं, दुसऱ्या टोकाला मोजलं. नऊ. काकूच्या बाजूनं मोजलं. सात.

एक साखळी. सोळा आणे. एक आणा म्हणजे दोन फूट, नांगराचं एक रुंद तास. काका मेल्याला सोळा वर्षं झाली होती.

आणि त्या नवव्या साखळीच्या आत, आमच्या वावरात, एकटा निंब उभा होता. त्या निंबाखाली मी हजारदा भाकरी खाल्ली होती. 'आपला निंब' म्हणायचे सगळे. वावराच्या ऐन मधे कोणी निंब लावतं का? निंब बांधावर लावतात. हे मला सोळा वर्षांत एकदाही सुचलं नाही. शिकलेला ना मी!

आबा संध्याकाळी अंगणात बैलाला चोळत होते. मी साखळी त्यांच्या पुढ्यात टाकली.

"आबा, काकूनं वावर एक साखयी आपलामा येल शे."

त्यांनी मान वर केली नाही. "येल शे, मंग? मी का उचली आनं?"

"दरसाल एक तास. अखजीना दुसरा दिन. काकानी घागर भरतस आन..."

"हयू बोल," ते म्हणाले. हळू बोल, एवढंच. लाज नाही, राग नाही. बैलाच्या कानातला गोचीड काढला, पायाच्या अंगठ्याखाली दाबला. टपकन रक्ताचा थेंब उडाला तो माझ्या धोतरावर. "बांध चालस पोऱ्या. आपू नही चालाडा ते शेजारना चालाडस. मना बापना बांध वाघोदेवालासनी खादा, कोनी काय करं? आन हाई मी कोनासाठे करेल शे? माले का वर लई जानं शे? तिले कोन शे? एक आंडेर, सुगंधा, ती बी सुरतले. आज ना उद्या बठ्ठं तुनंच."

"माले नको."

"नको ते नको," ते हसले. "पन साहेबले नकाशा ते पाहिजे ना?"

मी म्हणालो, "मी नकाशामा खरं लिखसू."

तेव्हा त्यांनी प्रथम माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत कौतुक होतं. खरं सांगतो, कौतुकच होतं. "खरंच लिख. मी कधय म्हनं खोटं लिख? बांध जठे शे तठेच काढ. एक बोट इकडे नही, एक बोट तिकडे नही. खोटा नकाशा काढशी ते साहेब हाकली दी." मग हात झटकून म्हणाले, "दोन प्रती काढ. एक हारपनी ते दुसरी ऱ्हाई."

माय आतून म्हणाली, "जेवाले चला रे." रात्रीच्या ताटात आमरस होता. आबा मनगटापर्यंत बुडवून ओरपत होते, मिशीला पिवळे धागे. मला जेवण गेलं नाही. माय म्हणाली, ऊन लागलं असेल.

चार दिवस मी नकाशा काढला. आणि इथं माझी अक्कल बघा. मला वाटलं, बांध खरा जिथं आहे तिथं काढला म्हणजे मी खरा माणूस. आठ साखळ्या दाखवल्या असत्या तर ते खोटं झालं असतं, साहेबांनी टोपलीत टाकलं असतं. नऊ दाखवल्या, कारण साखळी नऊ म्हणत होती. निंबसुद्धा काढला, पानं काढली, सावली काढली. दोन्ही प्रती अशा देखण्या झाल्या की मी स्वतःच दोनदा चुंबल्या. 'आजची स्थिती कशी झाली' या रकान्यात काय लिहावं म्हणून दोन दिवस खर्डे लिहीत बसलो. 'सोळा वर्षे दरसाल एक तास' असं एकदा लिहिलंही, मग तो कागद चुलीत घातला. बापाला चोर म्हणून कोण जागा देतो? शेवटी एकच शब्द लिहिला: 'वाटणीने'.

उत्तरेचा आणि दक्षिणेचा लगतदार, पूर्वेचा लगतदार, तिघांनी न बघता सह्या ठोकल्या. पश्चिमेची काकू राहिली.

दुपारची वेळ. काकू ओट्यावर मठाची डाळ पाखडत होती. मला पाहून सूप बाजूला केलं.

"ये रे बापू. कसा सुकाई गया तू. पानी पेस का?"

मी नकाशा पसरला. दौतीत कापडाचा बोळा बुडवून ठेवला होता. "काकू, अंगठा पाहिजे. पन लावाना पयले आयकी ले."

"माले ठाऊक शे," ती म्हणाली.

"काय ठाऊक शे?"

तिनं बोट नकाशावरच्या झाडावर ठेवलं. वाचता येत नव्हतं तिला, पण झाड ओळखता येत होतं. "हाऊ निंब. तुना काकानी खड्डा खंदा, मी पानी टाकं. बांधवर लावेल व्हता. आते तुमनी कपाशीमा हुभा शे. निंबले काय पाय फुटतस का रे?"

"मंग सोळा वरीस बोलनी का नही?"

"कोनले बोलू? तुना बाप मना जेठ. त्याना मव्हरे तोंड कसं उघाडू? पंचमा जाऊ ते पंच बठ्ठाच बांधखाऊ. आन कोरटमा जाऊ..." तिनं परसाकडं पाहिलं. सुगंधा झोक्यावर झोपली होती, एक पाय खाली लोंबत. "मंग मनी आंडेरले अखजीले माहेर कोन आनी? तिना सासरना लोक, घरना मानूस लेवाले उना नही ते धाडतस नही. तुना बाप आनस. दरसाल आनस. इतलं ते करस."

एका तासाला एक अखजी. असा तो सौदा होता. दोन्हीकडून कोणी बोललेलं नव्हतं आणि तरी दरसाल पाळला गेला होता.

"मी तो अंगठा लेत नही," मी म्हणालो. "अर्जच नको."

"येडा शे का?" ती एकदम तडकली. मला लहानपणी रागवायची तश्शी. "जिनमा खोकत मरी जाशी. तू शिक. जमीनना कायदा शिक. मोठा साहेब व्हय. मंग हाईच साखयी लई ये आन मनं माले मोजी दे. तू मोजशी ते कोनी काय बोलाव नही. तवपावत मी काई मरत नही."

"देसू, काकू. मोजी देसू."

"दे मंग तो बोळा."

तिनं अंगठा काळा केला आणि मी दाखवला तिथं टेकवला. पऱ्हाट्या उपटून उपटून तिच्या अंगठ्यावर एक रेघ उरली नव्हती. कागदावर नुसता एक गोल काळा डाग उठला. त्याच्या वर माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'दाखवलेली हद्द मान्य'. साहेबांच्या छापील नमुन्यात तसंच होतं, मी ते उतरवून काढलं होतं. मग दुसऱ्या प्रतीवर दुसरा डाग. काकूनं अंगठा चुलीच्या राखेनं घासला. गेला नाही.

चावडीत तलाठी नकाशा डोळ्यांजवळ नेऊन बघत होता. तोंडात पान, ओठांच्या कोपऱ्यातून लाल लाळ, ती पुसायला आमचा नकाशाच वापरतो की काय असं वाटावं इतका जवळ.

"वा, वा! सर्व्हेअरच्या बापाला जमणार नाही, असा हात आहे रे तुझा," तो म्हणाला. "लगतदाराचा अंगठाही घेतलास? समोर घेतलास ना?"

"हो. समोर."

"उत्तम." त्यानं शिक्का मारला. आबा माझ्या मागं उभे होते. ते म्हणाले, "रावसाहेब, एक प्रत आठेच ऱ्हाऊ द्या. घरमा उंदरं शेतस." तलाठी हसला, आबा हसले. मीही हसलो. उंदरांची खरंच आमच्या घरी फार नासधूस होती.

अर्ज गेला. मग वाट बघणं. आमच्या गावी टपाल आठवड्यातून दोनदा येई आणि टपालवाला चावडीत बसून वाटी. पंधरा दिवस मी चावडीच्या ओट्यावर जाऊन बसलो. जिनात खाडे झाले, मुकादमानं निरोप धाडला की मॅट्रिकला सांगा, दुसरा मॅट्रिक ठेवला. गेलं उडत, म्हणालो. ऊन वाढत होतं. दाराशेजारच्या भिंतीला पाठ टेकून मी बसत असे. तिथं भिंतीवर काहीबाही कागद डकवलेले असत, ते वाऱ्यानं माझ्या डोक्यावर फडफडत. मी एकदाही वर पाहिलं नाही. सरकारी कागद कोण वाचतो?

पंधराव्या दिवशी पत्र आलं. 'नकाशा अचूक व परिपूर्ण. लगतदारांची मान्यता पूर्ण. प्रवेश मंजूर. पालकाच्या सहीच्या हमीपत्रासह वीस जून रोजी हजर राहावे. हमीपत्राविना प्रवेश रद्द समजावा.' मी ते तीनदा वाचलं. उडी मारावीशी वाटली. तलाठी आतून बाहेर आला, पिचकारी टाकली, ती माझ्या पायापासून वीतभर अंतरावर पडली.

"काय, झालं का काम?" तो म्हणाला. "शाब्बास! आबांचंही झालं म्हण. तुझा पायगुण."

"आबांचं काय?"

त्यानं माझ्या डोक्यावर बोट दाखवलं. मी उठून मागं वळलो. मी रोज पाठ टेकत होतो त्याच जागी नोटीस होती. पिवळी पडलेली, माझ्या डोक्याच्या तेलानं एक कोपरा डागाळलेला. भाईदास अमुक यांचे क्षेत्र साडेचार एकर, सुंदरबाई अमुक यांचे क्षेत्र साडेतीन एकर, प्रत्यक्ष मोजणी व लगतदाराच्या कबुलीनुसार नोंद करण्यात येत आहे, पंधरा दिवसांत हरकत घ्यावी. खाली बारीक अक्षरात: आधार, तोताराम भाईदास यांनी मोजलेला नकाशा.

"सोळा वर्षं नांगरून जे कागदावर आलं नव्हतं ते तू चार दिवसांत आणलंस बघ," तलाठी म्हणाला. त्याला ते खरोखर कौतुकाचं वाटत होतं. मग त्यानं माझा चेहरा पाहिला. माणूस वाईट नव्हता. आत जाऊन एक कोरा कागद आणि टाक घेऊन आला, ओट्यावर ठेवला. "आज पंधरावा दिवस. हरकत असेल तर लिही. दिवे लागेपर्यंत मी बसलेलो आहे. उद्या मात्र नोंद पक्की. मग मोजणारा लाट साहेब आला तरी बांध हलायचा नाही."

तीन ओळी लिहायच्या होत्या. बांध सरकवलेला आहे. निंब साक्षी आहे. अंगठा हद्दीच्या कबुलीसाठी घेतलेला नव्हता. बस्स. अक्षर तर माझं छानच होतं.

मी टाक बुडवला. कुडत्याच्या खिशात कोरं हमीपत्र होतं, त्यावर आबांची सही व्हायची होती. हरकत लिहिली की आबा सही करणार नाहीत, हे मला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. शिवाय वाटलं, शिकून येईन, मोठा होईन, मग सगळं उलटवीन. काकू स्वतःच म्हणाली ना, तू शिक? तिच्याचसाठी तर शिकतोय! असं मी मनाशी घोळवत बसलो. टाकाच्या टोकावरून शाईचा थेंब कोऱ्या कागदावर पडला. गोल, काळा. त्याच्याकडं बघून मला ओकारी आली. मी ओट्याच्या कडेला जाऊन खरोखर ओकलो. सकाळची भाकरी बाहेर पडली.

"ऊन लागलं," तलाठी म्हणाला. "घरी जा."

मी घरी गेलो.

आबांनी हमीपत्रावर सही केली. सही करताना त्यांची जीभ बाहेर येई, तशी आली. माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाले, "आते साहेब व्हयीसनच ये." तो हात मी झटकला नाही.

निघायच्या दिवशी आबांनी गाडी जुंपली. माझी पत्र्याची पेटी, वळकटी. आम्ही धरणगावच्या फलाटावर पोचलो तर काकू आधीच तिथं. तीन कोस उन्हातून चालत आलेली, टाचांच्या भेगांत धूळ भरलेली. आबांना पाहून तिनं पदर ओढला आणि पाठ फिरवली. मी तिच्याजवळ गेलो. तिनं कापडात बांधलेलं गाठोडं माझ्या हातात दिलं. ऊबदार होतं अजून.

"दशम्या शेतस. दूधमा मळेल शेतस, दोन दिन बिघडाव नहीत. ठेचा येगळा बांधेल शे." मग पदराआडून अगदी हळू म्हणाली, "निंब ध्यानमा ठेवजो रे बापू."

तिच्या अंगठ्यावर नखाच्या कडेला शाई अजून होती.

आता सांग, मी स्वतःला म्हणालो. अजून सांग. गाडी यायला वेळ आहे. तिला एवढंच सांग की मोजून देण्यासारखं काही उरलेलं नाही.

"हाव, काकू," मी म्हणालो.

गाडी आली. मी खिडकीत बसलो. आबा फलाटावरून मला ओरडून म्हणाले, "तिले सांग, गाडीमा बस म्हनीसन. पायी कसाले जास?" मी काकूला सांगितलं. ती गेली आणि आमच्या बैलगाडीत मागच्या बाजूला, आबांकडं पाठ करून, पाय वर घेऊन बसली. आबांनी बैल हाकले. रस्त्याच्या वळणापर्यंत ती मला दिसत होती. मग दिसेनाशी झाली.

जळगावला गाडी बदलली. मनमाडला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. दौंडच्या गाडीला दोन तास होते. फलाटावर बाकाखाली एक खरूजलेलं कुत्रं होतं, मी गाठोडं सोडून त्याच्यापुढं टाकणार होतो. या तोंडानं ते अन्न खायचं नाही, असं मी जळगावपासून ठरवलं होतं. जळगावपासून मनमाडपर्यंत तेवढंच एक ठरवलं होतं.

गाठ सोडली. पाच दशम्या, एकावर एक, मऊ. दुधाचा वास आला. त्या वासानं मी चाळीस दिवसांच्या त्या चुलीपुढं जाऊन बसलो आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. लाज कसली ती नाहीच शरीराला. कुत्रं शेपूट हलवत बघत होतं. मी पहिली खाल्ली. मग दुसरी. ठेचा बांधलेली पुडीही सोडली.

पाचही खाल्ल्या. कुत्र्याला काही उरलं नाही.